चोरट्या कॅसेटची नोंद

४ मार्च

आज कामाला लागले. संगीतकोशाच्या कार्यालयात, वाचक म्हणून. सकाळी लेकीने माझी वेणी स्वतः घातली आणि बजावलं, आई, पहिल्याच दिवशी कुणाच्या चुका काढू नकोस. मी म्हटलं, बाई गं, त्याचाच तर पगार आहे.

खोली उजेडाची आहे. लांब टेबल, भिंतभर कॅसेटींचे खोके, पंखा जरा कुरकुरतो. माझी शाळा सातवीत सुटली. हे छापखान्यात होते. खराब निघालेले कागद घरी आणायचे, आणि कामं उरकली की मी ते वाचत बसायची. कायदा असो की गुरांचे रोग. अर्धं पान नसायचं, पण अर्थ लावायची सवय लागली ती तिथे. मुलाखतीत संपादकांनी हे सगळं कौतुकाने ऐकून घेतलं होतं. हे जाऊन तीन वर्षं झाली म्हटल्यावर मात्र त्यांनी भलतंच विचारलं. यजमानांचा आवाज आठवतो का? मी म्हटलं, आवाज कुठे विसरतं माणूस. त्यावर ते खूश झाले. का, ते कळलं नाही.

७ मार्च

माझ्याकडे चोरटे अल्बम आलेत. कार्यक्रमात पिशवीत यंत्र लपवून गाणं टिपायचं आणि गायकाला न विचारता कॅसेटी काढून विकायच्या. पन्नासेक प्रती निघायच्या, त्यातली एखादी उरते. अशांना कोशात जागा द्यावी का, यावर इथे रोज वाजतं.

शेजारच्या टेबलावरच्या वाचकाला सगळे कात्री म्हणतात, कारण दिसेल ती नोंद तो कापतो. आज म्हणाला, उद्या कुणी शेजाऱ्याचं न्हाणीघरातलं गाणं टिपून आणेल, त्यालाही पान द्या. मी म्हटलं, शेजारी सुरात असेल तर माझी हरकत नाही. सगळे हसले, तो नाही. मला आपलं वाटतं, जे झालं ते कुठेतरी लिहिलेलं असावं. चार जणांनीच ऐकलं म्हणून ते खोटं होत नाही.

नियम असा. दोन वाचकांनी कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून सही करायची. दोघं हो म्हणाले तर नोंद. एकाने जरी नको लिहिलं, तर चोरीचा माल म्हणून फीत ओढून जाळायची. पण न ऐकता नको म्हणायचा हक्क कुणालाच नाही.

११ मार्च

संपादकांनी आज एक कॅसेट स्वतः आणून दिली. एरवी शिपाई देतो. वेष्टनावर गायकाचं नाव नाही, गावाचं नाही, फक्त साल. गेल्या वर्षीचं. पहिली सही, होकाराची, माझ्या आधीच्या वाचकबाईंची आहे. त्या नोकरी सोडून गेल्या म्हणे. त्यांच्या चपला ऐकण्याच्या खोलीत खुर्चीखाली तशाच आहेत. अनवाणी कोण नोकरी सोडतं?

गाणं बेताचंच होतं. पहिलं संपलं, टाळ्या झाल्या, आणि प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. दोनदा बारीक, मग एक मोठा, मग घसा साफ केल्याचा आवाज.

संसारभर ऐकलेला खोकला आहे तो. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा कुठे मी यंत्र बंद केलं. संपादक दाराच्या काचेतून बघत होते.

१३ मार्च

थट्टा असेल, असं दोन दिवस मनाला सांगितलं. कुणी केली? यांचा आवाज इथे कुणाला माहीत? पण मग मुलाखतीत तो प्रश्न कशाला विचारला? कात्री माझे कागद चाळताना सापडला, तेव्हा त्याचाही संशय आला.

आज पुन्हा ऐकलं. पहिल्या दोन गाण्यांच्या मध्ये हे स्पष्ट म्हणाले, "अगं, इकडे ये. जागा धरलीय."

परवा हे वाक्य तिथे नव्हतं.

घरी जाऊन लेकीला सांगितलं. सांगायला नको होतं. ती रडली आणि म्हणाली, मलाही ऐकायचंय.

१५ मार्च

कात्रीने जिन्यात गाठलं. म्हणाला, ताई, ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकू नका, आणि ऐकलीत तर कुणी हाक मारली तरी ओ देऊ नका. आधीच्या बाई ऐकत होत्या तेव्हा तो दाराबाहेर होता. आपली सही अगोदरच करून त्या शेवटचं गाणं ऐकायला बसल्या होत्या. आतून त्या म्हणाल्या, ओ, आले हं. याने दार उघडलं तर यंत्र चालू आणि खुर्ची रिकामी. मग याने हेडफोन कानाला लावला. टाळ्यांत बाईंचं हसू होतं.

मी विचारलं, मग तुम्हीच ऐकून नको का नाही लिहीत? खाली बघून म्हणाला, "त्यात माझी आई हाक मारते, ताई. मी ओ दिल्याशिवाय राहायचो नाही."

आणि मी त्याला चोर समजत होते.

१६ मार्च

संपादकांना सरळ विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, सगळ्यांनाच त्यात आपलं कुणीतरी ऐकू येतं. त्यांना त्यांचा भाऊ. नोंद झाली की लोक शोधतील, प्रती काढतील, ऐकतील. मग कुणीच एकटं राहणार नाही, तिकडेही. तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या मुलीने फोन केला होता, ती ऐकेल. वाचक म्हणून तिचं नाव आजच घालतो.

किती गोड बोलतो हा माणूस.

१७ मार्च

लेकीला नाही म्हटलं. म्हणाली, तुझा नवरा होता तसे माझे बाबाही होते. ताट सरकवून उठली. उद्या दुपारी येणारच म्हणते. तिला कितीही सांगितलं तरी ती ओ देणार — एका हाकेत देणार —

१८ मार्च, सकाळी

लवकर आले. यंत्रापुढे बसलेय. लिहीत राहिले की तोंड बंद राहतं. कागदावर "नोंद नको" लिहून ठेवलंय, सही तेवढी शेवटी. कात्री बाहेर काडेपेटी घेऊन उभा आहे. सही झाली की लेक यायच्या आत जाळणार. मग यांचा आवाजही — असू दे.

दुसरं गाणं.

हाका मारतायत. ओ दिली नाही.

बायका हसतायत. जवळ. डाव्या बाजूला.

अगं — अगं — मी लिहितेय. लिहितेय मी.

शेवटचं गाणं. संपत आलंय. पेन हातात. हाका थांबल्या. बरं झालं —

नाही. आता नुसतं विचारतायत. रोज कामावरून आल्यावर विचारायचे तसं. हाक नाही ही. लेक जेवली का, म्हणतायत.

काल रात्रीपासून उपाशी आहे पोर. यांना कळायला नको का — मी एवढंच म्हटलं, नाही हो, अजून —