दोन्ही बाजूंनी चमकणारी चकती

प्रिय चिमणे,

पॉलिशची दोन यंत्रं, चकत्या कापायची करवत, धूळ ओढणारा पंखा आणि ज्यावर हे लिहितोय ते टेबल, सगळं माझ्या हातचं. टेबलाचा एक पाय आखूड आहे असं तुझी आई म्हणते. पाय बरोबर आहे, फरशी वाकडी आहे.

तुझं पत्र वाचलं. माझ्या नीलमाच्या चकत्यांवर तू थर चढवतेस, त्या थरांचे एलईडी दिवे करतेस, त्यातले काही झगझगीत लागतात, काही नुसते मिणमिणतात. भट्टी तीच, कृती तीच. तुझ्या मार्गदर्शक बाई विषय बदल म्हणतात आणि तू महिनाअखेरीला प्रयोगशाळाच सोडायला निघालीस. दोष चकतीचा, असं तू लिहिलं नाहीस, पण मला वाचता येतं. नंतर मी घरात कोणाशी धड बोललो नाही. आईने जेवायला हाक मारताना विचारलंच, "नीलम रुसलाय की नीलमवाला?"

शेवटी रागारागाने एक चकती तापवली आणि भिंगाखाली धरली. चकती म्हणजे थरांची जमीन. खालचे कण जसे बसलेत तसेच वरचे बसतात. खाली ओरखडा असला की दोष थराथरातून वर चढतो आणि प्रकाश तिथेच विझतो. म्हणून हिऱ्याच्या भुकटीच्या लेपाने घासल्यावर पुढची बाजू मी शेवटच्या द्रावात बराच वेळ फिरवतो, तेव्हा कुठे आतले ओरखडे जातात. मागच्या बाजूला याची गरज नसते. बाकीचे लोक ती खरखरीतच ठेवतात. मी मात्र लेपाने तीही चमकवतो, कारण अर्धवट दिसणारं काम माझ्याकडून बाहेर जात नाही. पण मागची ती चमक वरवरची; चकती भट्टीत तापली की दडलेले ओरखडे डोकं वर काढतात, तेच भिंगाखाली दिसलं.

आता दोन्ही बाजू आरशासारख्या असल्यावर पुढची कुठली हे तुला कळणार कसं? मिणमिणणारे थर तू मागच्या बाजूवर चढवलेस, बाळा. तुझा हात चुकला नाही. माझा जरा जास्तच चालला, एवढंच कबूल करतो.

सोबत डबीत नव्या चकत्या आहेत, मागून खरखरीत. पाठवताना जिवावर आलं. आधी यांच्यावर थर चढव, दिवे लावून बघ, मग बाईंना काय ते सांग. संपल्या की कळव, आणखी येतील.

येतील म्हणतो, कारण दिव्यांच्या कारखान्याचे साहेब येऊन गेले. काका तुला तिखटमीठ लावून सांगेल, त्याआधी माझ्याकडूनच ऐक. पुढची पाच वर्षं माझी प्रत्येक चकती त्यांना हवी होती. मुलीच्या प्रयोगशाळेपुरत्या तरी वगळा म्हटलं, तर साहेब म्हणाले, "एकही नाही." त्यांचा चहा संपू दिला आणि नाही म्हणालो. आईला विचारलं होतं. ती म्हणाली, छप्पर आणखी एक वर्ष गळेल. तू मनाला लावून घेऊ नकोस. रक्कम चाळीस लाख होती.

तुझाच,
बाबा