उजव्या कोपऱ्याकडे दिलेला पास

करामा, दुबई
१८ जानेवारी २००९

ती. स्व. राजाभाऊआजोबा यांस,
वीणाचा सा. न. वि. वि.

आपली माझी भेट नसताना हे पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. मी मंजुषामामीच्या नणंदेची मुलगी, तासगावची. आपण मामीचे काका, एवढाच आपल्यातला धागा; तो फार ताणला जाणार नाही याची काळजी घेईन. एम.ए. झाल्यावर सुजीतमामाने मला इथे आणून त्याच्या लेकीच्या, इराच्या, शाळेच्या ग्रंथालयात नोकरी मिळवून दिली.

मंदीमुळे इथली बांधकामे थांबली आहेत. इन्व्हेस्टमेंट्स पार्क नावाच्या उद्योगवसाहतीतल्या मामाच्या कंपनीने अर्धी माणसे एकाच दिवशी कमी केली, त्यांत मामाही. मामा त्या संध्याकाळी घरी आला, खलास एवढेच म्हणाला आणि त्याने चहा मागितला. इराच्या बारावीच्या परीक्षेपर्यंत व्हिसा चालू ठेवण्याचे कंपनीने मान्य केले आहे. त्यानंतर मामा, मामी आणि इरा यांना पुण्यास परतावे लागेल.

इरा शाळेच्या संघात बास्केटबॉल खेळते. अमेरिकेत शिकावे हा तिचा ध्यास. आता तो खेळाच्या शिष्यवृत्तीवरच पुरा होऊ शकेल. आपल्या हाताखाली बास्केटबॉल शिकलेल्या आशाताई तिकडच्या एका लहान कॉलेजात मुलींच्या संघाच्या सहायक प्रशिक्षक आहेत, असे मामी सांगते. मामीला स्वतः लिहिण्याचा संकोच वाटतो आणि मामाला कोणाकडे शब्द टाकणे जमत नाही. म्हणून मी लिहिते.

सोबत डिस्क आहे. मामाने दोन वर्षे केलेल्या चित्रीकरणातून इराने केलेल्या बास्केट तेवढ्या निवडून मी सलग जोडल्या आहेत. मला खेळातले काही कळत नाही. परंतु जिथे जिथे तिला गुण मिळाले ते सारे घेतले आहे, एकही सुटलेला नाही.

आपला लोभ मंजुषामामीवर आहे तितका नाही, तरी तिच्या खालोखाल मजवर राहावा.

आपली,
वीणा

---

पुणे
१ फेब्रुवारी २००९

चि. वीणा हिस,
राजाभाऊचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. इतके शुद्ध मराठी मला शेवटचे निवृत्तीच्या मानपत्रात वाचायला मिळाले होते. आजोबा म्हटलेस, चालेल. मैदानावरची पोरे याहून वाईट म्हणत.

डिस्क पाहिली आणि मन खट्टू झाले. मंजू फोनवर म्हणाली की इरा पॉइंट गार्ड आहे. अगं, मग तिच्या बास्केट कशाला मोजल्यास? पंगतीत वाढणाऱ्या बाईचे कौतुक ती स्वतः किती जेवली यावरून करतात का? पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे घेऊन येणारी, डाव मांडणारी. कोण दमली आहे, कोण मोकळी आहे, कोणाला आत्ता विश्वास द्यायला हवा, हे तिला चेंडू हातात असताना दिसले पाहिजे. प्रशिक्षक बाकावर बसतो. मैदानावर त्याचा आवाज तीच असते.

आशाच्या कॉलेजात नेमकी हीच जागा या वर्षी मोकळी होते आहे. ती सांगते की उंच मुली मिळतात, नेमबाज मुली मिळतात, ही मात्र मिळत नाही. मागे एकदा त्यांनी या जागी चुकीची मुलगी घेतली. बाकीच्या चौघी एकीपेक्षा एक सरस होत्या, तरी अख्खा हंगाम चेंडूची वाट बघत उभ्या राहिल्या आणि संघ हरत गेला.

तेव्हा अख्खा सामना पाठव. कात्री लावू नकोस. आणि सुजीतला सांग, कॅमेरा लेकीच्या नाकावर धरून ठेवू नये. ती पास देते तेव्हा चेंडू चित्राबाहेर जातो. पुढे त्याचे काय होते ते देवाला आणि पंचाला ठाऊक.

सुजीतला म्हणावे, धीर सोडू नकोस. मंजूला आशीर्वाद.

तुझा नवाच आजोबा,
राजाभाऊ

---

करामा, दुबई
१५ फेब्रुवारी २००९

ती. स्व. आजोबा यांस,
वीणाचा सा. न. वि. वि.

आपले पत्र मी मामाला वाचून दाखवले. तो प्रथम रागावला. म्हणाला, बापाने आपल्या मुलीकडे बघायचे नाही तर कोणाकडे बघायचे. मग सगळ्या जुन्या टेप त्याने पुन्हा पाहिल्या. दोन वर्षांत एकाही सामन्यात दुसरी मुलगी धड दिसत नाही.

शेवटचा सामना परवा शुक्रवारी झाला. अल क्वोजमधल्या एका गुदामाचे मैदान केले आहे, तिथे. मामाने कॅमेरा माझ्या हाती दिला. स्वतःचा हात इराच्याच मागे जाईल असे तो म्हणाला. मी सज्ज्यातून दहाही जणी दिसतील असा धरला.

संघ आता पूर्वीचा राहिलेला नाही. तीन मुली आईवडिलांबरोबर परत गेल्या. त्यांत सुमैय्या होती, इराची सर्वांत जवळची. तिच्या वडिलांचा, अन्वरभाईंचा, फरश्यांचा व्यापार बसला आणि ते कुटुंब रत्नागिरीस गेले. तिच्या जागी बॅडमिंटन खेळणाऱ्या बिलकीसला उभे केले होते.

सुरुवातीलाच इराने डावीकडे बघत चेंडू उजव्या कोपऱ्याकडे फेकला. तिथे कोणी नव्हते. सुमैय्या तिथे उभी राहत असे. चेंडू पत्र्याच्या भिंतीवर आपटून परत आला, प्रतिपक्षाच्या मुली हसल्या. इरा त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. मला वाटले, आता ती रडेल. ती बिलकीसकडे गेली, तिचे कोपर धरून तिला त्या कोपऱ्यात नेऊन उभे केले आणि काहीतरी सांगितले. पुढचे दोन पास बिलकीसच्या हातून सुटले. इराने तिसरा दिला, चौथाही दिला. शेवटी शेवटी बिलकीसने त्याच कोपऱ्यातून बास्केट केली आणि आनंदाने इतकी किंचाळली की पंचांनी कान झाकले. आम्ही तरीही हरलो.

घरी वाद झाला. मामाचे म्हणणे, तो चुकीचा पास कापावा. अमेरिकेतल्या माणसांना पहिल्याच मिनिटाला पोरीची चूक कशाला दाखवायची. मामी त्याच्या बाजूची. इरा इंग्रजीत म्हणाली की ती चूक काढली तर पुढचे काहीच कोणाला समजणार नाही. मग तिने दार लावून घेतले. कापणे मलाच येते, त्यामुळे दोघेही माझ्याकडे पाहत होते. मी आजवर मामाचा शब्द मोडलेला नाही. या वेळी मोडला आहे. सोबतच्या डिस्कमध्ये काहीही कापलेले नाही.

हे बरोबर झाले नसेल तर दोष माझा आहे, इराचा नव्हे, एवढे आशाताईंना कळवावे. आपल्या मनातली माझी जागा तशीच राहावी.

आपली,
वीणा

---

पुणे
२९ मार्च २००९

चि. वीणा हिस,
अनेक आशीर्वाद.

मुख्य प्रशिक्षिकेने तुझी डिस्क अख्ख्या संघाला दाखवली, असे आशाने फोनवर सांगितले. तो पास आला तेव्हा त्या प्रशिक्षिकेने चित्र थांबवून विचारले की त्या कोपऱ्यात उभी राहणारी मुलगी कोण होती आणि ती कुठे गेली. पुढे बिलकीसला चौथा पास गेला तेव्हा त्या बाईने चित्र बंद करून शिष्यवृत्तीचे कागद मागवले. चूक सगळ्याच करतात. एक चूक झाल्यावर त्याच जागी नवी मुलगी उभी करून तिलाच पुन्हा चेंडू देणारी तिला हवी होती.

इराची शिष्यवृत्ती पक्की झाली. शिक्षण, राहणे, जेवण, सारे कॉलेज करणार. गाव थंड आहे आणि पहिले वर्ष बहुधा बाकावर जाईल, हेही तिला सांग. उगाच गोड बोलणाऱ्यातला मी नाही.

सुजीतचा शब्द मोडलास, बरे केलेस. रोज मोडू नकोस.

राजाभाऊ

---

करामा, दुबई

ती. स्व. आजोबा यांस,
वीणाचा सा. न. वि. वि.

घर आवरत आले. मामा, मामी आणि इरा पुढच्या आठवड्यात पुण्यास येत आहेत. इरा तिथूनच ऑगस्टमध्ये जाईल. माझा व्हिसा शाळेचा असल्यामुळे मी इथेच राहीन. शाळेतल्या एका बाईंकडे खोली मिळाली आहे. आनंद करायला हवा, हे सर्वांना कळते. पण सगळे इतके थकले आहेत की आपले पत्र वाचून झाल्यावर मामी उठली आणि तिने पुन्हा भांडी गुंडाळायला घेतली.

काल टीव्ही बांधायचा राहिला होता. मामाने तो सामना लावायला सांगितला. ते चित्रीकरण त्याने अजून पाहिलेच नव्हते. रिकाम्या कोपऱ्यातला पास त्याने पुन्हा बघितला. मग एकेका मुलीवर बोट ठेवून तिचे नाव विचारू लागला. दोन वर्षे तो या मुलींना आपल्या गाडीतून यल्ला यल्ला, चला चला करत अल क्वोजला नेत असे, आणि एकीचेही नाव त्याला ठाऊक नव्हते. मी नावे सांगितली, परत गेलेल्या तिघी कुठे आहेत तेही सांगितले. मग त्याने अन्वरभाईंचा रत्नागिरीचा नंबर मागितला.

दोघे बाप बरेच बोलले. जानेवारीनंतर मामाला हसताना मी प्रथमच ऐकले. मग फोन सुमैय्याने घेतला. मामाने तिला त्या पासाची हकीकत सांगितली. ती म्हणाली की मी तिथे असते तर तो चेंडू आत गेलाच असता, काका. आणि नसता गेला, तरी इराने पुढचाही मलाच दिला असता.

मामाने फोन इराच्या हातात दिला आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभा राहिला.

या घरातून लिहिलेले हे शेवटचे पत्र. नवा पत्ता कळवीन. तिकडेही आपली माया पोचत राहावी.

आपली,
वीणा

टपालात टाकले: गुरुवार, १६ एप्रिल २००९, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे.