योकोहामाच्या बागेतले खांब

बुध. १३ एप्रिल १९८३, मनामा (बहारीन)

सलग चौथा दिवस. ऑफिसातल्या ए.सी.चा थेंब माझ्या टकलावर. खोलीत सहा माणसं, सहा टेबलं, पण अभिषेक नेमका एकावरच. पूर्वजन्मी मी पिंडी असणार, दुसरं काय! राजनला, म्हणजे ए.सी. दुरुस्तीवाल्याला, दाखवलं. वर बघून म्हणाला, "इंशाल्ला, साब." म्हणजे दिवाळीपर्यंत नाही. टेबल हलवता येईल, पण मग खिडकी जाते. खिडकीतून बंदर दिसतं, आणि बंदर बघूनच मी मुंबईच्या साप्ताहिकाला जहाजांच्या बातम्या पाठवतो. तेव्हा सोसणे.

घरी उलट, कडक दुष्काळ. लेक केतकी बोलत नाही. तिला न विचारता पुण्याच्या कॉलेजात तिचा अर्ज पाठवला, ते आज तिला कळलं. विषय: संस्कृत. अर्ज भरताना हात आपोआप चालला. नाव, जन्मतारीख, विषय, सगळं एका दमात. तिला आर्किटेक्चरला जायचंय हे मला माहीत होतं का? होतं. (हे या डायरीतच राहू दे.)

शुक्र. १५ एप्रिल

डबे घेऊन झल्लाकच्या समुद्रावर. सौदीला जाणाऱ्या पुलाचं काम लांबून दिसतं. के. पाठ करून तिकडे बघत बसली, वहीत पुलाचे खांब काढत. विचारलं, "किती झाले गं?" उत्तर आईला: "टेल बाबा, ही कॅन काउंट." सौ.नं भाषांतर केलं नाही. हसू मात्र आवरलं नाही तिला. पापलेट उत्तम होतं.

सोम. १८ एप्रिल

योकोहामा ठरलं. जहाजदुरुस्तीचं प्रदर्शन, उद्याच निघायचं. सौ. बॅग भरता भरता,

"अहो, बारा वर्षं संस्कृत घोकून तुम्ही काय केलंत? बोटींच्या बातम्या. मग पोरीला त्याच वाटेनं कशाला?"

म्हटलं, वाट चांगली होती, मीच मधे उतरलो.

"मग तिला तरी तिच्या गाडीत बसू द्या."

या बाईला वादात हरवणारा पंडित अजून जन्मायचाय.

के.ला विचारलं, काय आणू? "नथिंग." मग दार लावून घेताना, आतून, "थँक यू." राग केवढाही असो, शाळेनं लावलेली सवय सुटत नाही.

रवि. २४ एप्रिल, योकोहामा

तीन दिवस झाले, तक्रार करायला एक जागा सापडत नाही. माझ्या स्वभावाच्या माणसाची ही कुचंबणाच.

आज सुट्टी. नाकामुरा (प्रदर्शनवाल्यांनी दिलेला दुभाषी, पन्नाशीचा, अति सभ्य) मला यामाशिता पार्कात घेऊन गेला. अगदी बंदरावरची बाग. कठड्याशी जुनी आगबोट कायमची बांधून ठेवलेली, निवृत्त आजोबांसारखी. हिरवळीवर आया, पोरं, आइस्क्रीम. नाकामुरा सहज म्हणाला, "आपण उभे आहोत तो ढिगारा आहे." साठ वर्षांपूर्वीच्या भूकंपात शहर पडलं. पडलेली घरं समुद्रात लोटली, भराव केला, वर बाग. म्हणजे मी कुणाच्या तरी स्वयंपाकघरावर उभा होतो. पाय आपोआप हलके पडायला लागले.

आणि एका टोकाला चक्क आपला घुमट! खाली खांब, आत नक्षी, मधे पाण्याची जागा. एवढ्या लांब कुणीतरी देऊळ बांधलंय म्हणून मला भरूनच आलं. बूट काढले. प्रदक्षिणा घातल्या, तीन. पावलंही मोजली, प्रत्येकी बत्तीस. तिसरी संपवून मागे बघतो तर एक म्हातारं जपानी जोडपं अनवाणी माझ्या मागून चालतंय, चारही बूट शिस्तीत ओळीनं ठेवलेले. नाकामुराही मोज्यांवर.

मग पाटी वाचली. देऊळ नव्हे, पाणपोई. भूकंपात इथल्या भारतीय व्यापाऱ्यांना शहरानं सांभाळून घेतलं, त्याची आठवण ठेवून त्यांनी शहराला दिलेली.

नाकामुराला म्हटलं, "माफ करा, हे देऊळ नाही."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "पण इमारत तुमच्या देशाची. वाटलं, तुम्हाला जास्त माहीत असेल."

त्यानं म्हातारीला जपानीत सांगितलं. ती तोंडावर हात धरून इतकी हसली की नवऱ्यानं तिला बूट घालायला आधार दिला. मग दोघांनी मला वाकून नमस्कार केला. प्रदक्षिणेचं फळ म्हणावं.

सोम. २५ एप्रिल

सकाळी प्रदर्शनाआधी पुन्हा एकटाच बागेत. बाकावर बसून राहिलो. काय माणसं! घर पडलं त्याची बाग केली. आणि आमचे ते व्यापारी: आभार मानायचे म्हणून पुतळा नाही, कमान नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी. मी दहा वर्षं बहारीनचं मीठ खातोय, परत काय दिलं? ए.सी.बद्दल तीन अर्ज.

के. इथे हवी होती. कॅमेऱ्याचा रोल क्रेनांवर संपवून बसलोय, म्हणून प्रदर्शनाच्या टिपणवहीत घुमट काढला. काढला म्हणजे काय, खांबांवर टोपी दिसते.

शुक्र. २९ एप्रिल, मनामा

जेवताना प्रदक्षिणांची गोष्ट सांगून टाकली, मग टिपणवही मुद्दाम टेबलावर उघडी ठेवली. के. आधी तिरक्या नजरेनं, मग सरळ. मग, सोळा दिवसांत मला विचारलेला पहिला अख्खा प्रश्न:

"बाबा, हाऊ मेनी कॉलम्स?"

"चार. किंवा आठ."

"फोर ऑर एट?"

"पाटीवर काय लिहिलंय ते सांगू? पाठ आहे."

"यू वॉक्ड अराउंड इट थ्री टाइम्स!"

स्वयंपाकघरातून सौ.: "त्यांनी पावलं मोजली गं. देवळात खांब मोजत नाहीत."

के. हसली. मग चार काडेपेट्या उभ्या केल्या, त्यांच्यावर वाटी पालथी ठेवली. वाटी घसरली. "बघा. हे असं राहत नाही." पुन्हा मांडलं, पेट्यांवर आडव्या पट्ट्या, कोपऱ्यांत कागदाच्या घड्या कोंबल्या. वाटी राहिली. "कोपऱ्यात काहीतरी हवंच, बाबा. नाहीतर पडणार." हे सगळं मराठीत. बोटं भराभर चालत होती, माझ्याकडे लक्षही नव्हतं.  शिकवताना इतकं रंगलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं, संस्कृत शिकवणारे आमचे शास्त्रीबुवा सोडून.

मग आतून एक अर्ज आणला. आर्किटेक्चरचा. सगळा भरलेला, तिच्या अक्षरात. पालकाची सही तेवढी बाकी.

"सही?"

"बघतो," म्हणालो.

काडेपेट्या उचलून आत गेली.

मंगळ. ३ मे

अर्ज टेबलावरच. वीस तारखेच्या आत पुण्यात पोचायला हवा, म्हणजे याच आठवड्यात टपालात पडला पाहिजे. सौ. टेबल पुसते ती अर्जाच्या कडेकडेनं.  आज मीच म्हणालो, हॉस्टेल, एकटी मुलगी, काळजी वाटते.

"संस्कृत घेतलं असतं तर काय घरी राहणार होती?"

पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

के. संध्याकाळी विचारून गेली, फक्त मान हलवून. मीही मान हलवली. कशी, ते तिला कळलं नसणार. मलाही नाही.

निदान इथे तरी खरं लिहावं. काळजी हॉस्टेलची नाही. ती उत्तम घरं बांधेल, परवाच दिसलं. मला भीती वाटते ती ही, की ज्या एका गोष्टीला, संस्कृतला, मी जीव लावला ती या घरात माझ्यानंतर कुणालाच नको आहे. आणि संस्कृत वगळलं तर माझ्याकडून घेण्यासारखं तिच्यासाठी काय उरतं, ते मला सांगता येत नाही.