उरलेल्या पाच पट्ट्या

३ मार्च
ताईच्या खोलीतली भेग पुन्हा पाहिली. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी खाली, बोटाचं पेर जाईल एवढी! पायाजवळची पाण्याची नळी फुटली होती, ती बदलली. आता भिंत थांबते की अजून खचते, तेवढंच बघायचं. भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवून प्लॅस्टरने पक्की केली. भिंत हलली की काच तडकणार — आणि तडकली तर अख्खी इमारत रिकामी! वरच्या मजल्यांवरच्यांनी डोकं खाल्लं. ताई भाऊजींची उशी सारखी करत राहिली. भाऊजी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत, नुसती कूस बदलली तरी ओरडतात.

उरलेल्या पाच पट्ट्या आणि प्लॅस्टरची पिशवी तिच्याच फळीवर टाकली. कोण नेतंय परत!

८ मार्च
काच शाबूत.

११ मार्च
काच शाबूत. ताईचं दार मात्र घासायला लागलंय. ओलीने लाकूड फुगलं असणार. रंधा मारून दिला. "इंजिनिअर म्हणे! सुतार बरा शोभतोस," म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी!

१६ मार्च
दार परत अडकलं. परत रंधा. काच शाबूत.

१८ मार्च
पंधरा दिवस पुरे झाले. 'राहण्यास योग्य' — ठोकली सही. सुटलो बाबा!

२० मार्च
दार तिसऱ्यांदा! रंधा लावला आणि तसाच खाली ठेवला. चौकट वाकडी झालीय. गाढवा, लाकूड नाही, भिंत! फळीवरच्या पट्ट्या मोजल्या. दोन.

ताई मान वर करेना. "तीनदा फुटली रे. मीच बदलली. यांना उचलून कुठे नेऊ?"

राग यायला हवा होता, रडूच आलं. तिला काय बोलू? दार रोज ओरडून सांगत होतं, मी काचेकडे बघत बसलो.

अंधार पडायच्या आत सगळे बाहेर काढले. भाऊजींना चादरीच्या झोळीतून. एकदाही ओरडले नाहीत.

२६ मार्च
२१ला सकाळी ताई माझी नजर चुकवून भाऊजींच्या गोळ्या आणायला आत गेली. मागे दार अडकलं. मी बाहेरून धक्के देतोय, ही आतून म्हणते, "अरे, रंधा आण ना!"

मी खरंच आणायला धावलो. परत आलो तेव्हा दार नव्हतं, भिंतही नव्हती.