दीप्तीचा बर्फातला हंगाम

२५ नोव्हेंबर
दीप्ती स्वीडनला पोचली. बंदूक पोचली नाही!

दिल्लीत पेटी बरोबर होती, मधल्या कुठल्यातरी विमानतळावर राहिली म्हणे. पहिली शर्यत शनिवारी. फोनवर रडत नव्हती, पण नाक ओढत होती. "आप्पांना सांगू नको," म्हणाली. मी यांना सांगितलंच. घरात माणसं दोन, लपवणार कुणापासून?

हे जेवत होते. दिवस मावळायच्या आत यांचं जेवण उरकतं. घास काही थांबला नाही. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले. मला लई राग आला. पण इथं खरं लिहायला हरकत नाही — क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं.

२६ नोव्हेंबर
आम्ही जैन, पाणी गाळून पिणारी माणसं. घरात कांदा-बटाटा नाही. आणि आमची लेक पाठीवर बंदूक घेऊन पळते!

फौजेत भरती झाली तेव्हा यांनी कसंबसं मान्य केलं होतं. कारकुनीचं काम असेल, अशी समजूत. नेमणूक झाली डोंगरात. तिथं पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावर घसरत पळायला शिकली. बोरगावची पोर, तिनं जन्मात बर्फ बघितला तो रसवंतीच्या गाड्यावर! वाऱ्यासारखी पळायला लागली म्हणून साहेबांनी बायथलॉनमध्ये घातलं. म्हणजे दम लागेपर्यंत बर्फावर पळायचं, मध्येच थांबून, धापा टाकत नेम मारायचा, परत पळायचं.

बंदुकीचा फोटो आला त्या दिवशी हे म्हणाले, "ती सोडलीस की घरी ये." दोन वर्षं झाली. ती आली नाही. तिचा फोन वाजला की हे गोठ्यात जातात. पण गोठ्याच्या दाराशीच उभे असतात, आत नाही. मला दिसतं.

२८ नोव्हेंबर
आता हंगाम कसा चालतो ते मला पाठ झालंय. शाळेत भूगोल शिकवते, पण या थंड गावांची नावं लेकीमुळं कळली. नोव्हेंबर संपताना सुरू, मार्चमध्ये शेवट. दर आठवड्याला नवं गाव. दोन-तीन शर्यती झाल्या की सामान बांधायचं, गाडीत बसायचं, पुढचं गाव. आपल्या तालुका-जिल्हा स्पर्धांसारख्याच पायऱ्या असतात. सगळ्यात वर वर्ल्ड कप. त्याच्या खालची पायरी आयबीयू कप. आपली पोर तिथं.

फेब्रुवारीत स्वित्झर्लंडला जागतिक स्पर्धा आहे. तिथं उतरायचं तर त्याआधी एका तरी शर्यतीत पहिल्या तिघींच्या सरासरी वेळेच्या ठरावीक टक्क्यांत यायला पाहिजे. गेल्या वर्षी थोडक्यात हुकलं. यंदा स्वीडन, ऑस्ट्रिया, इटली अशा तीन संधी. नाही जमलं तर परत डोंगरातल्या फौजेच्या चौकीवर. आणि मग पुढच्या वर्षी नवीन पोरी असतात, हिला कोण विचारणार?

३० नोव्हेंबर
पेटी आलीच नाही. फिनलंडच्या एका पोरीनं स्वतःची जादाची बंदूक दिली. ओळख ना पाळख! पण बंदूक गालाला बसावी लागते, दुसऱ्याच्या चपलेसारखं झालं. दहातले सहा नेम चुकले. प्रत्येक चुकीला दंडाची एक फेरी पळायची. सहा फेऱ्या! शेवटून दुसरी आली.

१ डिसेंबर
पेटी सापडली. आता मात्र मनापासून हायसं वाटलं.

८ डिसेंबर
चंपाक्का आल्या निपाणीहून. यांच्या थोरल्या बहीण, यांना आईसारख्या. माझ्याशी सरळच बोलल्या, पोरीला बंदूक सोडायला सांग म्हणून. मी फोनवर जुनी शर्यत लावून दाखवली. समजावलं, आक्का, यात कुणी मरत नाही. पन्नास मीटरवर पाच काळे गोल असतात. पडून मारायचे ते लिंबाएवढे, उभ्यानं मारायचे ते बशीएवढे. लागला की काळ्याचा पांढरा होतो. बास.

आक्कांनी सगळं बघितलं. मग म्हणाल्या, "खेळ म्हण, कायबी म्हण. हातात काय हाय ते बघ की गं."

त्या चुकीचं बोलत होत्या असंही नाही. हे खाली मान घालून बसले होते.

१५ डिसेंबर


आज ऑस्ट्रियाची शर्यत, सगळ्यात लांबची. यात दंडाची फेरी नसते, चुकेल त्या नेमाला एक मिनिट वाढतं. चारला सुरू झाली. पहिल्या पाच गोळ्यांत एकच चुकली. मग उतारावर दोघी-तिघी एकमेकींत अडकून पडल्या. कॅमेरा लगेच पुढं गेला, पहिल्या नंबरवालीकडं. मला नीट दिसलंच नाही. थोड्या वेळानं यादीतून दीप्तीचं नाव गेलं.

फोन लागेना. प्रशिक्षकांचाही लागेना. मी अंगणात आले. गोठ्यातून हे आले — "काय झालं?" दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याबद्दल विचारलं. सांगितलं. हे फाटकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. ताट वाढलेलं तसंच राहिलं. दिवस मावळला. म्हणजे आता उद्या सकाळपर्यंत अन्न नाही. मी म्हटलं, दोन घास तरी आधी खायचे होते. ऐकलंच नाही बहुतेक.

आठच्या पुढं फोन आला. तिचाच! खांद्याला मुका मार, बर्फात टेकवायची हातातली काठी मोडली, शर्यत सोडावी लागली. बाकी धडधाकट. हे भिंतीला टेकून ऐकत होते. "बरी हाय न्हवं?" एवढं मला विचारलं आणि उपाशीच झोपायला गेले.

१६ डिसेंबर
सकाळी यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मीही.

२१ डिसेंबर
झालं! बसली टक्क्यांत!

शनिवार, सकाळची शाळा. घरी आले तर हे खुर्ची टाकून बसलेले, शेतात गेलेच नाहीत. मी फोन डब्याला टेकवून ठेवला. इटलीतलं कुठलंसं दरीतलं गाव, बर्फ नुसता चमकत होता.

पहिल्यांदा पडून पाच. एक, दोन, तीन, चार, पाच — सगळे पांढरे! यांनी खुर्ची पुढं ओढली. मग बर्फावर एक मोठा वळसा, आणि उभ्यानं पाच. तिची पाठ वरखाली होताना दिसत होती. चार पांढरे झाले. शेवटच्याला लई वेळ घेतला. "दम खाऊ दे तिला," हे म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. चुकला तो. एक फेरी. मग सुटली ती सुटलीच. खांदा दुखतोय हे मला कळत होतं, काठी टेकवताना मान वाकडी होत होती.

नंबर विचारला तर साठाच्या पुढचा. तिथल्या पोरी चालायला लागल्यापासून बर्फावर. पण वेळ बसली. दीप्तीचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी नुसत्या रडत होतो. मी फोन यांच्या हातात दिला. घेतला!

"खांदा दुखतोय काय?"

ती काय म्हणाली ऐकू आलं नाही. यांनी 'हं' केलं आणि फोन परत दिला. पण गोठ्यात गेले नाहीत.

२३ डिसेंबर
नववीच्या पोरांना आज स्वित्झर्लंड शिकवलं. अभ्यासक्रमात नाही. शिकवलं.

२८ डिसेंबर
दीप्तीनं मनातलं सांगितलं. फेब्रुवारीची स्पर्धा झाली की बंदूक ठेवून देणार. नुसत्या बर्फावरच्या धावण्याच्या संघात घ्यायला तयार आहेत. "नेमाशिवाय मजा नाही गं, आई. पण घरी तर येता येईल." मग चंपाक्काही तिच्याशी बोलतील, आप्पाही बोलतील, म्हणाली.

मी बरं म्हटलं. दोन वर्षं ज्याची वाट बघितली तेच झालं. ओझं उतरल्यासारखं वाटतंय. उद्या यांना सांगते.

२९ डिसेंबर
सांगितलं. यांनी स्वतः तिला फोन लावला. उभ्यानंच बोलले.

"नेम आत्ता कुठं बसायलाय तुझा. माझ्यापायी सोडू नको. हायस तशी घरी ये."