आधी कुंकू, मग तपासणी

तीर्थस्वरूप सरलावन्सं यांस,

तुमची भावजय यशोदा हिचा कोठडीतून शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तुमचा गुडघा कसा आहे? आणि काजूच्या बांधाच्या भांडणात मी ज्यांच्या डोक्यात दांडकं घातलं, त्या तुमच्या धाकट्या भावाचे, म्हणजे माझ्या दिरांचे, टाके निघाले का? (हे पत्र आधी जेलरबाई वाचतील. त्यांनाही नमस्कार.)

गुडघ्यामुळे तुम्हाला येता आलं नाही, पण तुमच्या महिला मंडळाचं आरोग्य शिबिर इथे थाटात झालं. आमच्या कोठडीतल्या हौसाबाईच्या छातीत गाठ लागते, म्हणून आम्ही सगळ्या त्या दिवसाकडे डोळे लावून बसलो होतो. आधी मंडळाच्या संचिताताईंचं व्याख्यान झालं. रोज मोकळ्या हवेत लांब फिरून या, ताजी मासळी खा, मनावर ताण घेऊ नका. (पहिलं जमलं तर बाकीचं आमचं आम्ही बघू.) मग संक्रांतीचं हळदीकुंकू. वाण म्हणून तुमच्या बायकांनी भाजीची सोलाणी आणली होती, तुरुंगात! ती गेटवरच जप्त झाली.

खरी गंमत पुढेच. कुंकू लावलं की ती बाई तशीच पडद्याआड डॉक्टर दीपिकांकडे, अशी रांग लावलेली. हौसाबाईवर नवऱ्याच्या खुनाचा आरोप आहे. कोर्टाने अजून काही ठरवलेलं नाही, पण ती विधवा आहे एवढं संचिताताईंनी जागच्या जागी ठरवलं आणि तिला कडेला बसवलं. "बाये, माका कुकू नको, पण गाठ तरी बघा गो," ती म्हणाली. "तुमचं नंतर बघू हं," असं गोड उत्तर आलं. नंतर तिळगूळ झाला, फोटो झाला आणि डॉक्टरांची गाडी निघून गेली. मला कसली गाठ ना काही, पण मला मात्र निवांत तपासलं. राग आला, वन्सं, फार राग आला. आता तिला दवाखान्यात न्या म्हटलं तर इथले म्हणतात, सगळ्या बायकांची तपासणी झाली असं वर कळवलंय, आता परत कशाला?

मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची यशोदा

ता. क. डॉक्टर दीपिका तुमच्या शेजारीच राहतात. त्यांना घेऊन याच आठवड्यात या. हौसाबाई रोज ती गाठ चाचपून बघते आणि आमच्याशी बोलत नाही. मला तिच्या जिवाची भीती वाटते.

आणखी एक. पुन्हा हळदीकुंकू घेऊन आलात, तर आम्ही सगळ्याजणी कुंकू पुसून तिच्या शेजारी कडेला बसणार, असं ठरलंय. तुमचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे हे, धडधाकट आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांना तेवढं आधी सांगून ठेवा.