बायोडाट्यातले वीस एकर

नांदेड
२५ सप्टेंबर २०२५

ती. निर्मलाअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तिकडे पावसानं सोयाबीनचं वाटोळं केल्याचं पेपरात वाचलं. तुझं किती हाती लागलं ते कळव.

एक चांगली बातमी. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी सोमवारपासून गेला. शंभराच्या हप्त्याला एकशे अठरा भरावे लागत, आता शंभरच. आम्ही एजंट लोक कधीपासून निवेदनं देत होतो. आता तरी एक पॉलिसी घे. खरं सांगू का, हा न्याय आमच्यासारख्यांना झाला. कर भरतो पगारदार आणि दुकानदार, अन् फुकट उपचाराची योजना खेड्यात. तुम्हा शेतकऱ्यांना आयकरही नाही. रागिणी म्हणाली की अक्कांना असलं काही लिहू नका, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तब्येतीला जप. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
विश्वंभर


साखरा, ता. सेनगाव
३ ऑक्टोबर

चि. विश्वंभरास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोनवर तू हां अक्का, बोल म्हणतोस आणि ऐकत दुसऱ्याचं असतोस, म्हणून पत्रच बरं. फक्त पाकिटावर गं. भा. लिहिणं सोड. तुझे दाजी जाऊन तीन वर्षं झाली, पोस्टमनला ते माहीत आहे.

आयकर मी भरत नाही, खरं आहे. पण साबण, खत, फोनचं रिचार्ज मला कुणी कर वगळून देत नाही. दाजींच्या फोटोला चौकट केली, तिच्या पावतीवरही कर होता. फोटोकडे पाहिलं की मलाही देश चालवत असल्यासारखं वाटतं. विम्यावरचा कर गेला, चांगलं झालं. आमच्या गल्लीत विमाच नाही, त्यामुळं तो गेल्याचं कुणाला कळलं नाही.

आता कामाचं. आमच्या शेजारची मेंढ्यावाली बनाबाई तुला आठवत असेल. तिच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. चार पावलं चालली की दम लागतो. योजनेत ऑपरेशन फुकट आहे, पण ऑपरेशनपर्यंत पोचणं फुकट नाही. जीप, मधल्या तपासण्या, सोबत राहणाऱ्या बाईचा रोज, मागं मेंढ्या राखणारा माणूस. नांदेडची तारीख दोनदा मिळाली, दोनदा हुकली. आता डॉक्टरांनी सांगितलंय की ऑपरेशनविना हिवाळा काढू नका. म्हणून आमच्या बचत गटाच्या चौदा बायकांनी आजारपणाची पेटी काढायचं ठरवलं. मी किराण्याच्या पुड्याचा कागदसुद्धा वाचते, म्हणून नियम करायचं काम माझ्याकडं आलं. तुझा धंदाच हा. कुणी किती भरायचं आणि कुणाला घ्यायचं, ते लिहून पाठव.

रागिणीला आशीर्वाद. ती सांगते ते ऐकत जा.

तुझी अक्का


नांदेड
१० ऑक्टोबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पेटीची कल्पना उत्तम. सोबत आमच्या फॉर्मचा नमुना पाठवतो, अकरा पानं आहेत, घाबरू नकोस. हप्ता सगळ्यांना सारखा ठेव. आधीचे आजार विचार. ज्याला आजार आहे त्याला तीन वर्षं तरी काही द्यायचं नाही.

बनाबाईबद्दल वाईट वाटतं, पण घराला आग लागल्यावर कुणी विमा उतरवत नाही. तिला घेतलंस तर पहिल्याच महिन्यात पेटी रिकामी. धंद्यात दया शिरली की दोन्ही बुडतात.

भाऊबीजेला यायचा विचार आहे, पण दिवाळीत विम्याचं दुकान सोडवत नाही. बघतो.

आशीर्वाद चालू ठेव.

विश्वंभर


साखरा
१९ ऑक्टोबर

चि. विश्वंभरास अनेक आशीर्वाद.

शाळेच्या ओसरीवर सभा झाली. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, तिथंच चुकले. गटातल्या रुख्मिणीबाईला हप्ता सारखा हे फार पटलं. बनाबाई दम खात म्हणाली, सारखा कसा वो, तुमचं एका दिवसाचं दूध अन् माझी अख्खी मेंढी, हे सारखं व्हय का. मग ठरलं की एकरावर भरायचं. तेव्हा एक चमत्कार झाला. ज्याची त्याची जमीन बसल्या जागी आटली. रुख्मिणीबाईचे वीस एकर साडेचारवर आले. बाकीचं म्हणे दिराच्या नावावर, पडीक, नाहीतर नाल्यात गेलेलं.

गोरेगावच्या सेवा केंद्रात पुजा टायपिंग करते. ती सर्वांत लहान, कधी बोलत नाही. ती म्हणाली की रुख्मिणीमावशी, प्रमोदभाऊच्या लग्नाचा बायोडाटा मीच केला, त्यात बागायती वीस एकर लिहिलंय, चुकलं असंल तर आजच दुरुस्त करून सगळीकडं पाठवते. रुख्मिणीबाई बराच वेळ पदर सारखा करत बसली. मग सर्वांनी मिळून नियम केला: सोयरिकीच्या वेळी जितकी जमीन सांगितली तितकीच धरायची. तिथं आजवर कुणी कमी सांगितलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मिणीबाईनं पुऱ्या वीस एकराचे पैसे आणून दिले. गुरुवारी कुरुंद्याचे पाहुणे पोरगा बघायला येणार होते. कर चुकवला तर पोराचं लग्न मोडतं, असा कायदा दिल्लीला काहून सुचला नाही कुणास ठाऊक. बनाबाईला जमीन नाही. ती रुख्मिणीबाईच्या रानात दोन रात्री मेंढ्या बसवून देणार, त्या लेंडीखताच्या बदल्यात मिळणारं धान्य पेटीत.

पण वीस एकराचे भरल्यावर रुख्मिणीबाईला जोर आला. तुझ्याच फॉर्मप्रमाणं आजारी बाईला घ्यायचं न्हाई, म्हणाली. सहा जणी तिकडं, सहा इकडं, बनाबाई खाली मान घालून बसलेली. माझं मत राहिलं. ते पुढच्या सभेत, दोन तारखेला द्यायचं आहे.

म्हणून तुझी अकरा पानं पुन्हा वाचली. तिसऱ्या पानावर प्रश्न आहे, रक्तदाबाचा आजार आहे का. दाजींच्या फॉर्मवरही तोच होता. तिथं नाही असं लिहिलेलं होतं, आणि त्यांनी आजार लपवला म्हणून कंपनीनं पैसे दिले नाहीत. या ओळीचं मी काय करू, ते सांग.

भाऊबीजेला ओवाळायचं ताट काढून ठेवते.

अक्का


नांदेड
२८ ऑक्टोबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला आलो नाही. दुकान बंदच होतं. तुझं पत्र वाचून यायचं धाडस झालं नाही.

दाजींनी काही लपवलं नव्हतं. फॉर्म मी भरला. त्यांनी खिशातून गोळीचं पाकीट काढून मला दाखवलं होतं. मी म्हणालो, असू द्या, नाही असंच लिहितो, हप्ता कमी बसेल. त्यांनी विश्वासानं सही केली. पैसे नाकारले तेव्हा भावकी म्हणाली की रामकिशननं कंपनीला फसवलं. मी तिथं उभा होतो, चहा पीत. आजही लोकांचे फॉर्म भरतो. त्या प्रश्नाशी आलो की पेन थांबतं, आणि पुढं जातं.

माझ्या सल्ल्यावर जाऊ नकोस. तुला पत्र लिहायची परवानगी राहू दे, एवढंच.

विश्वंभर


साखरा
५ नोव्हेंबर

चि. विश्वंभरास अनेक आशीर्वाद.

मला माहीत होतं. तू फॉर्म भरत होतास तेव्हा मी चुलीपाशी होते, सगळं ऐकलं. हप्ता कमी बसेल म्हटल्यावर मलाही बरं वाटलं होतं. तेव्हा सगळा दोष एकटा घेऊ नकोस, माझा वाटा बराबर आहे. तीन वर्षं मी तू बोलायची वाट पाहिली आणि तू कदाचित माझी.

सभेत मी हे सगळं सांगितलं. रामकिशननं काही लपवलं नव्हतं, हे गावात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. मग रुख्मिणीबाई म्हणाली की मला पाच वर्षांपासून साखर आहे, गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवते, सोयरिकीत अडचण नको म्हणून. मग एकीला थायरॉइड निघाला, एकीला मुतखडा, दोघींना बीपी. हात वर करायला लावले तर चौदांपैकी अकरा. आजारी बायका वगळल्या तर पेटीजवळ तिघी बसल्या असत्या, त्यातली एक पुजा. माझं मत द्यायची वेळच आली नाही. बनाबाई पेटीत आहे. आजाराचा प्रश्न फॉर्मवर ठेवलाय, पुढं रकाना केलाय: गोळी कोणती, आणि संपली तर गोरेगावहून आणणार कोण.

रुख्मिणीबाई आता सांगत फिरते की पेटी तिच्या वीस एकरांवर उभी आहे. खोटं नाही ते. कुरुंद्याचे पाहुणे अजून कळवतो म्हणतात.

सतरा तारखेला सोमवारी मी बनाबाईला घेऊन नांदेडला येते. रागिणीला सांग, बनाबाईला मीठ कमी लागतं. दवाखान्यात भरतीचा फॉर्म असेल. बनाबाईला लिहिता येत नाही आणि माझा चष्मा जुना झालाय. तो तू भर. आजार विचारतील तिथं आहे ते लिही.

लोभ आहे. तो मागावा लागत नाही.

तुझी,
निर्मलाअक्का